वेगळा पेला, वेगळी मुतारी

दलित आत्मकथनांविषयी लिहिताना पाण्याचा उल्लेख टाळून पुढे जाता येत नाही. 'बलुतं' (१९७८), 'आठवणींचे पक्षी' (१९७९), 'तराळ-अंतराळ' (१९८१), 'अक्करमाशी' (१९८४) ही पुस्तके एकापाठोपाठ आली आणि गावचा पाणवठा गावच्या शाळेत कसा शिरतो हे मराठी वाचकाला प्रथमच कळले. त्याच्या कितीतरी आधी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बालपणाच्या आठवणींत हेच नोंदवून ठेवले होते. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. बसायला घरून आणलेले गोणपाट, आणि तेही रोज घरी न्यायचे, कारण शाळेचा झाडूवाला त्याला हात लावणार नव्हता.

या तहानेवर आपल्या समीक्षेने पुष्कळ लिहिले. महाडचे तळे, शाळेतला माठ, वेगळा पेला ही आता आपल्या साहित्यविचारातली प्रतीकेच झाली आहेत. परंतु प्यायलेले पाणी शरीराबाहेर टाकावे लागते, त्यासाठीही जागा लागते आणि त्या जागेवरही समाजाचा पहारा असतो, या अगदी साध्या गोष्टीचा विचार आपण केला नाही. मुतारीचा विषय वाङ्मयीन चर्चेत आणणे काही जणांना असभ्य वाटेल. 'गोलपिठा' १९७२ साली आला तेव्हाही पुष्कळांना तसेच वाटले होते. सभ्यतेच्या कल्पना कोणाच्या सोयीने ठरतात हे आपल्याला निदान तेव्हापासून तरी माहीत आहे.

या लेखात मला शाळेतल्या अशा मुलांविषयी लिहायचे आहे, ज्यांची जन्मवेळी मुलगा म्हणून नोंद झाली पण जी स्वतःला मुलगी मानतात; ज्यांची मुलगी म्हणून नोंद झाली पण जी स्वतःला मुलगा मानतात; किंवा जी या दोन्ही रकान्यांत मावत नाहीत. त्यांना आज पारलिंगी असा शब्द वापरतात. गावात आणि वस्तीत त्यांच्यासाठी जे शब्द आहेत ते शिवीसारखे फेकले जातात. शाळेत दोन दारे असतात. एका दारात अशा मुलाला मार बसतो, दुसऱ्या दारातून हाकलून दिले जाते. मग त्या मुलाला एकच उपाय उरतो. घरून निघताना पाणी प्यायचे नाही, मधल्या सुट्टीत प्यायचे नाही, घरी पोचेपर्यंत कळ सोसायची. आपल्या आत्मकथनांतले मूल तहानेले राहिले कारण त्याला माठाला हात लावू दिला नाही. हे मूल माठाशेजारी उभे राहून तहानेले राहते. दोन्ही तहानांच्या मागे शुद्धाशुद्धतेचा विचार एकच आहे, असे माझे म्हणणे आहे.

*

२०२१ सालचे एक प्रकरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने (एनसीईआरटी) पारलिंगी मुलांना शालेय शिक्षणात सामावून कसे घ्यावे, यासंबंधी शिक्षकांसाठी एक पुस्तिका तयार केली. वर्गात मुलगे आणि मुली अशी कायम दोन रांगांत विभागणी करू नये, गणवेशाचा आग्रह सैल करावा, कोणत्याही मुलाला वापरता येईल असे स्वच्छतागृह असावे, अशा त्यातल्या सूचना होत्या. पुस्तिका परिषदेच्या संकेतस्थळावर आली आणि थोड्याच दिवसांत तिच्याविरुद्ध तक्रार झाली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने नोव्हेंबरच्या आरंभी परिषदेकडे विचारणा केली आणि पुस्तिका संकेतस्थळावरून नाहीशी झाली. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी त्याच डिसेंबरात, एका शासकीय संस्थेने दडपणाखाली असे मागे यावे याबद्दल नाराजी नोंदवली. २०२३ च्या जानेवारीत परिषदेचा नवा मसुदा पुढे आला. परंतु पहिली पुस्तिका ज्या युक्तिवादाने खाली उतरवली गेली, त्याला उत्तर देण्याचे काम बाकीच राहिले.

आयोगाचा एक मुख्य मुद्दा असा होता की घरी एक वातावरण आणि शाळेत त्याच्या विरुद्ध वातावरण असेल तर मुलांच्या मनावर विनाकारण आघात होईल. वरवर पाहता हे मुलांच्या काळजीचे बोलणे आहे. पण आपल्यासारख्यांनी ते दोनदा वाचावे. घर आणि शाळा यांत विसंगती असू नये असा नियम जर पाळला गेला असता, तर जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली नसती. घरात अक्षर नव्हते, शाळेत होते. घरी जोहार होता, शाळेत नागरिकशास्त्र होते. आपल्या पिढ्यांनी जे काही मिळवले ते याच विसंगतीच्या बळावर मिळवले. शाळेने घराची आणि गावाची नक्कल केली तेव्हा तिने आपल्याला दाराबाहेर बसवले, आणि गावाच्या विरुद्ध जायचे धाडस केले तेव्हाच आत घेतले. ज्या मुलाला घरी रोज मार बसतो त्याला शाळेत मार बसू नये, ही विसंगती त्या मुलावर आघात करणार नाही. ती त्याचा जीव वाचवील.

*

आता साहित्याकडे वळू. शाळेचा हजेरीपट हा आपल्या आत्मकथनांतला एक न दिसणारा खलनायक आहे. बापाचे नाव कोणते लिहावे, हा 'अक्करमाशी'तल्या मुलापुढचा प्रश्न केवळ कौटुंबिक नाही. समाजाने आखलेल्या रकान्यात जो बसत नाही त्याला अर्ज भरता येत नाही, दाखला मिळत नाही, सही मिळत नाही. शरणकुमार लिंबाळे यांनी 'अक्करमाशी' ही शिवीच पुस्तकाचे नाव म्हणून उचलली. याचा अर्थ असा की रकाना चुकीचा आहे, मी चुकीचा नाही, हे त्यांनी सगळ्यांच्या तोंडावर सांगितले. पारलिंगी मुलाचेही भांडण याच रकान्याशी आहे, फरक इतकाच की तो रकाना बापाच्या नावाच्या शेजारचा आहे.

हे साम्य केवळ माझ्या कल्पनेतले नाही. तमिळमध्ये २००७ साली लिव्हिंग स्माइल विद्या हिचे 'नान विद्या' हे आत्मकथन आले. विद्या दलित. वडील तिरुचिरापल्लीत सफाई कामगार. मुलगा म्हणून जन्मनोंद झालेल्या या लेकराने खूप शिकावे, पहिला नंबर सोडू नये, कलेक्टर व्हावे, ही त्या बापाची जिद्द. त्या जिद्दीपायी मार. आपल्यातल्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांना हा बाप परका वाटणार नाही. माझ्याही घरात अक्षर पहिल्यांदा माझ्याबरोबर आले, आणि पोराच्या पाठीवर उठलेल्या वळात बापाचे कोणते स्वप्न असते हे मला कोणी समजावून सांगायला नको. परंतु विद्याचे पुस्तक या ओळखीच्या चित्रापाशी थांबत नाही. ज्या मुलाला बाप कलेक्टर करू पाहतो आहे ते मूल मुलगी आहे, हे बापाला दिसत नाही. आपल्या आत्मकथनांत शिक्षण ही मुक्तीची वाट आहे. इथे त्याच वाटेवर त्या मुलीला रोज मुलगा होऊन चालावे लागते. तरीही विद्याने भाषाशास्त्रात एम. ए. केले. दलित साहित्याच्या समीक्षकाने या पुस्तकापुढे थोडे थांबायला हवे, कारण आपल्या मुक्तीच्या कल्पनेत कोणासाठी जागा ठेवायची राहिली, हे ते आतल्या माणसाच्या अधिकाराने दाखवते.

विद्याने पुढे एका मुलाखतीत पारलिंगी माणसांच्या तिरस्काराला ब्राह्मण्याचाच एक प्रकार म्हटले. हे विधान भावनेच्या भरात केलेले नाही. जन्माने जे काम, जी जागा, जी ओळख दिली तिच्याबाहेर जायचे नाही, हे वर्णव्यवस्थेचे पहिले कलम आहे. जन्मावरून माणसाचे सारे आयुष्य वाचून टाकण्याचा हा हक्क जे नाकारतात, त्यांनी तो जातीपुरता नाकारावा आणि शरीरापुरता मान्य करावा, हे तर्काला धरून नाही.

मराठी वाचकाला तृतीयपंथी जीवनाची ओळख प्रामुख्याने 'मी हिजडा, मी लक्ष्मी' (२०१२) या पुस्तकामुळे झाली. ते पुस्तक महत्त्वाचे आहेच. पण ब्राह्मण घरात जन्मलेल्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांना घराने धरून ठेवले. ज्या घरात हातावर पोट आहे, वस्तीत सगळे उघड्यावर आहे, तिथल्या मुलाची गोष्ट वेगळी असणार. २०११ च्या जनगणनेने पहिल्यांदा 'इतर' हा लिंगविषयक रकाना मोजला. त्यात ४,८७,८०३ माणसे निघाली. ७८,८११ जण अनुसूचित जातींतले होते. सहा वर्षांपर्यंतची मुले ५४,८५४ होती. ती मुले आज शाळा-कॉलेजच्या वयाची आहेत, किंवा शाळेबाहेर पडलेली आहेत. या गटातले साक्षरतेचे प्रमाण ५६ टक्के होते आणि साऱ्या देशाचे त्याहून सतरा-अठरा टक्क्यांनी अधिक होते. ही मुले शाळेतून कुठे जातात, हे विचारायला नको. सिग्नलवर आपण ती पाहतो आणि काच वर करतो.

*

दलित साहित्याने आरंभापासून अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या लेखनाकडे आपुलकीने पाहिले. डॉ. म. ना. वानखडे यांच्यासारख्या अमेरिकेत शिकून आलेल्या विचारवंताने ती दृष्टी दिली, आणि १९७२ साली पँथर हे नावही आपण तिकडूनच घेतले. म्हणून शाळेतल्या शौचालयाचा जो खटला तिकडे गाजला तोही आपण पाहावा. व्हर्जिनिया राज्यातल्या ग्लॉस्टर परगण्यात गॅव्हिन ग्रिम नावाचा विद्यार्थी होता. जन्मनोंद मुलगी अशी, पण तो मुलगा म्हणून जगू लागला होता. २०१४ साली मुख्याध्यापकांच्या परवानगीने तो मुलग्यांचे शौचालय वापरू लागला. सुमारे सात आठवडे काही घडले नाही. मग गावातल्या मोठ्या माणसांनी तक्रारी केल्या, शाळामंडळाच्या सभा झाल्या आणि डिसेंबरात मंडळाने त्याला मनाई केली. त्याच्यासाठी वेगळी, एकट्याने वापरायची शौचालये करून दिली. वर्गातून उठून तिकडे जाणे म्हणजे आपण वेगळे आहोत अशी रोज दवंडी पिटणे होते. तो जाणे टाळू लागला, लघवी तुंबवून धरू लागला आणि त्याला मूत्रमार्गाचे विकार जडले. २०२० साली वरिष्ठ न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने मंडळाचे अपील ऐकायला नकार दिला. त्या देशात हा प्रश्न मिटला असे नाही. २०२२ च्या अखेरीस फ्लोरिडातल्या अशाच एका खटल्यात दुसऱ्या वरिष्ठ न्यायालयाने उलट निकाल दिला.

ग्लॉस्टर परगण्याचे नाव आपल्या दृष्टीने आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. आयरीन मॉर्गन ही काळी स्त्री १९४४ साली बसमध्ये बसली ती याच परगण्यातून. गोऱ्या माणसासाठी जागा सोडायला तिने नकार दिला, तिला अटक झाली आणि १९४६ साली तिच्याच खटल्यात आंतरराज्य बसमधला वर्णभेद बेकायदा ठरला. त्या काळी तिथल्या ठाण्या-स्थानकांवर पुष्कळ ठिकाणी तीन दारे असत. गोरे पुरुष, गोऱ्या स्त्रिया, आणि तिसरे 'रंगीत' माणसांसाठी, जिथे काळे बाई-पुरुष दोघांनी जायचे. स्त्रीपुरुषांची वेगळी दारे हा निसर्गाचा नियम आहे असे जे आज सांगतात, त्यांना हे तिसरे दार दाखवावे. स्त्रीची लाज ही गोऱ्या स्त्रीपुरती होती. आपल्याकडे तर बाईच्या मर्यादेचे गोडवे गाणाऱ्या गावाने आमच्या आयाबहिणींना पहाटेच्या अंधारात बांधाकडेला बसवले, आणि तेव्हा कोणाची संस्कृती धोक्यात आली नाही.

*

इथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. वेगळी सोय वाईटच असते काय? २०१४ च्या 'नालसा' निकालात सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा अधिकार मान्य केला आणि त्याच निकालात तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र सार्वजनिक स्वच्छतागृहे करावीत असेही सांगितले. २०१९ च्या कायद्याखालच्या २०२० च्या नियमांनी आस्थापनांतून स्वच्छतागृहांची सोय दोन वर्षांत करावी असे म्हटले. ती मुदत केव्हाच उलटून गेली. ज्यांना दोन्ही दारांत मार बसतो त्यांना तिसरे दार हवेसे वाटणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे उत्तर आंबेडकरी चळवळीजवळ आहे. बाबासाहेबांनी वेगळा पेला नाकारला, पण गोलमेज परिषदेत वेगळे मतदारसंघ मागितले, आणि १९४२ साली नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. यात विसंगती पाहणाऱ्यांना मुद्दाच कळलेला नसतो. वेगळेपण कोणी मागितले आणि कोणावर लादले, यावर सारे अवलंबून आहे. दुबळ्याने संरक्षणासाठी मागितलेली वेगळी जागा हा हक्क आहे आणि सबळाने विटाळ टाळण्यासाठी दाखवलेली वेगळी जागा ही शिक्षा आहे. पारलिंगी मुलाला एकट्याने वापरायचे शौचालय हवे असेल तर ते असावे. पण तेच वापरलेच पाहिजे असे फर्मान निघाले की तिसरे दार म्हणजे वेगळा पेला होतो.

मुलींच्या सुरक्षिततेचा मुद्दाही असाच सरळपणे पाहावा. शाळेत शौचालय नाही म्हणून वयात आलेल्या मुली महिन्याचे ते दिवस घरी बसतात, हळूहळू शाळा सोडतात. त्यांत आपल्या मुली आहेत. त्यांची काळजी ही आपलीच काळजी आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने मुलगे आणि मुली यांच्यासाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे बंधनकारक केली ती योग्यच होती. परंतु प्रत्यक्षात काय आहे? केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांनी शाळांतून बांधलेल्या शौचालयांची महालेखापरीक्षकांनी पंधरा राज्यांत तपासणी केली. २०२० साली संसदेपुढे आलेल्या त्या अहवालात, पाहिलेल्या १,९६७ सहशिक्षणाच्या शाळांपैकी ९९ शाळांत चालू स्थितीतले एकही शौचालय नव्हते आणि ४३६ शाळांत एकच होते. बांधलेल्या शौचालयांपैकी ७२ टक्क्यांत आत नळाचे पाणी नव्हते. याचा अर्थ त्या ४३६ शाळांत सर्वांना एकच दार आधीपासूनच आहे. ते गरिबीने आणलेले असल्यामुळे त्याविरुद्ध कोणी तक्रार केली नाही. पारलिंगी मुलाच्या नावाने ते मागितले गेले तेव्हाच संस्कृती आठवली. मुलीला भय असते ते कडी नसलेल्या दाराचे, पाण्याच्या अभावाचे, वाटेवर उभ्या असलेल्या टोळक्याचे. पूर्ण उंचीचे दार, आतून कडी, नळाला पाणी आणि प्रत्येकासाठी बंदिस्त खोली एवढे केले तर मुलीचे आणि पारलिंगी मुलाचे दोघांचे भय एकदम कमी होते. दोन भुकेल्यांना एका भाकरीवरून भांडायला लावून भाकरी मोजणाऱ्याने नामानिराळे राहायचे, हा खेळ आपल्या ओळखीचा आहे.

आणि एक प्रश्न दोन्ही बाजूंना विचारायचा. ही शौचालये धुणार कोण? दाराविषयी पुष्कळ बोलले जाते, झाडू धरणाऱ्या हाताविषयी फार थोडे. हिंदीतल्या 'जूठन'मध्ये (१९९७) हेडमास्तर ओमप्रकाश वाल्मीकींना वर्गाबाहेर काढून शाळेचे आवार झाडायला लावतो. विद्याचे वडील सफाई कामगार. शाळेत नवे शौचालय बांधले आणि ते साफ करायला भंगी-मेहतर-मांगाच्या पोरालाच उभे केले, तर एका मुलाची लाज झाकताना दुसऱ्याची उघडी केल्यासारखे होईल. पगारी, सन्मानाने नेमलेला, साधने दिलेला कामगार हा या मागणीचाच भाग असला पाहिजे. पारलिंगी हक्कांच्या चळवळीने हे आपल्याकडून शिकावे. आपण तिच्याकडून शिकायचे ते असे की शरीर हाही एक गावकुसाबाहेरचा प्रदेश असू शकतो.

*

आपल्या साहित्याने तृतीयपंथी माणूस पाहिला तो कामाठीपुऱ्याच्या रस्त्यावर, वाढून मोठा झालेला, टाळी वाजवणारा. तो कधीकाळी तिसरीच्या बाकावर बसलेला होता, त्याच्या दप्तरात पाटी होती, आणि मधल्या सुट्टीत सगळी मुले पळत गेली तेव्हा तो एकटा वर्गात बसून राहिला, हे आपल्या कथेत-कादंबरीत अजून पुरेसे आलेले नाही. दिशा पिंकी शेख यांच्यासारखी कवयित्री आज मराठीत स्वतःच्या आवाजात लिहिते आहे. तिच्या कवितेला सहानुभूतीची शाबासकी देऊन बाजूला ठेवणे म्हणजे प्रस्थापितांनी एके काळी आपल्याशी जे केले तेच करणे होय. अनुभवाची अस्सलता, नकार आणि माणूसपणाचा आग्रह हे आपले निकष आहेत. त्या निकषांवर या लेखनाची कठोर चर्चा व्हावी, ते आपल्या नियतकालिकांतून यावे आणि आपल्या अभ्यासक्रमांतून शिकवले जावे.

आपल्यापैकी पुष्कळ जण शिक्षक आहेत. हजेरीपट आपल्या हातात आहे आणि शौचालयाची किल्ली ज्या टेबलाच्या खणात असते ते टेबलही बहुधा आपलेच असते. पुस्तिका मागे घेतली गेली म्हणून आपल्या वर्गातले मूल मागे जात नाही. शाळेच्या माठाला हात लावण्याचा हक्क आपल्या आजोबा-पणजोबांनी लढून मिळवला. त्या माठातले पाणी पोटभर पिऊन निर्धास्तपणे वर्गात बसता येणे हा त्याच हक्काचा उरलेला भाग आहे.